उकळलेलंसुद्धा

वस्तीवरून,
सान इसिद्रोचा दिवस, मे १९७२

लाडक्या अंपारो,

तू धडधाकट असशील अशी आशा धरून लिहायला बसले. आम्ही सगळे देवाच्या कृपेने बरे आहोत.

तुझं पत्र आलं आणि पाकिटावर सरकारचा छाप! मी ते लगेच उघडलंच नाही. हात पिठाचे होते, ते धुतले, एप्रनला पुसले आणि पाकीट घेऊन वस्तीतून एक चक्कर मारून आले. शेजारची रमोना दारातच होती. अदबीने म्हणाली, "दोन्या त्रान्सितो, कुणाचं हो?" म्हटलं, "सरकारचं." तिचा चेहराच पडला, तिला वाटलं खोल्या रिकाम्या करायची नोटीस आली. तिला जरा वेळ तसंच राहू दिलं. मग म्हटलं, "सरकारात माझी नात आहे ना, तिचं."

तू लिहितेस, मेक्सिकोतून इथे अमेरिकेत आलेल्या आपल्या लोकांसाठी राज्याचा आयोग बसवायचा कायदा येतोय. आयोग म्हणजे काय ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. आपलं म्हणणं ऐकायला सरकारने पगार देऊन बसवलेली माणसं, असंच ना? तुझ्या आजोबांना फार आवडलं असतं. त्यांचं म्हणणं ऐकायला मी एकटीच होते, आणि मीही अर्धंच ऐकायची.

एवारिस्तो दोन महिन्यांचा झाला. तुझी ताई चेलो त्याला घरी ठेवून बीटच्या विरळणीला जायला लागली. आखूड दांड्याचं खुरपं, दिवसभर कंबर दुमडलेली, दूध कुठून राहणार? आटलं. म्हणून डब्यातली पावडर, आणि पोरगा दिवसभर माझ्या ताब्यात. अगं, काय हसतो! मी टॉर्टिया थापायला लागले की टाळी वाजवल्यासारखं वाटतं त्याला. सगळं तोंड पसरून हसतो. नाक तुझ्या आजोबांचं आहे, पण बिचाऱ्याचा काय दोष.

तू विचारलंस, वस्तीत काय काय कमी आहे ते लिही, साहेबांना दाखवते. लिहिते. छपरं गळतात. पाद्री महिन्यातून एकदा येतात. शाळेची बस वळणावरूनच परत फिरते. पण नुसतं रडगाणं गाऊ नकोस बाई, चांगलंही सांग. मागच्या आठवड्यात सरकारी माणूस विहिरीचं पाणी बघायला आला होता. टाय लावलेला, तरुण, चांगल्या घरचा. बाटल्या भरून घेतल्या आणि हॅगन मुकादमाशी किती वेळ बोलत होता! बोटांवर मोजून बोलत होता. एवारिस्तो माझ्या कडेवर होता, तर त्याच्याकडेसुद्धा बोट दाखवलं. मी त्याचा हात धरून टाटा करायला लावला. तो गेल्यावर हॅगन आमच्याकडे वळून म्हणाला, "उकळा." त्याला आपले दहा शब्द येतात, त्यातल्या निम्म्या शिव्या. रमोना म्हणाली, "एवढा वेळ बोलला आणि निघालं एवढंच?" मी म्हटलं, इंग्रजी भाषा लांबट असते.

तेव्हापासून मी उकळते. इतर बायका एक उकळी आली की उतरवतात. मी नाही. पातेलं अर्ध्यावर येईस्तोवर चुलीवर ठेवते, मग त्यात बाळाचं दूध कालवते. रमोना म्हणते, "दोन्या, पाणी उकळताय की सूप करताय?" म्हणू दे.

बाप्तिस्मा सान हुआनच्या दिवशी ठेवूया, जूनमध्ये. धर्ममाता तूच, तेव्हा अंगरखा तुझ्याकडून, विसरू नकोस. चेलो आठवण काढते.

तुझी आजी
त्रान्सितो


राजधानी,
२९ मे १९७२

प्रिय आजी,

इथे आयोगाचं बारसंच अडकलंय. मेक्सिकन म्हणावं तर पोर्तो रिकोवाले रुसतात, स्पॅनिशभाषक म्हणावं तर आपलीच शिकलेली पोरं म्हणतात की आम्हाला ती भाषा येत नाही, मग आम्ही कोण? लॅटिनो म्हणावं तर म्हातारी मंडळी विचारतात, हा कोण नवीन? ज्यांच्या कचेरीत मी टंकलेखन करते ते सिनेटर कॉर्विन डोकं धरून बसतात.

परवा समितीपुढे सुनावणी झाली. गुरांच्या मुलखातला एक म्हातारा सिनेटर आहे, पाय पसरून बसतो. त्याने विचारलं, "आयोग नाही म्हणून आजवर कुणी मेलंय का?" सगळे हसले. आजी, मला उठून बोलता येत नाही, मी फक्त टिपणं घेते. पेन्सिलीचं टोक मोडलं.

पण गंमत ऐक. तुझं पत्र मी कचेरीत वाचून दाखवलं. उकळलेल्या पाण्याचं सूप ऐकून आम्ही पोट धरून हसलो. कॉर्विन म्हणाले, किती शहाणी बाई आहे, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी ते समितीत सांगितलं. म्हणाले, "या लोकांना सरकारचा एक शब्द पोचला की ते तो किती मनापासून पाळतात बघा. शब्द पोचवणारं कुणी हवं." दोन माना डोलल्या. आजी, तुझं पातेलं विधानसभेत गेलं!

अंगरखा पार्सलने पाठवलाय. लेस खरी आहे. एक माप मोठा घेतलाय, तोवर वाढेल.

मला इथून हलता येईल की नाही सांगता येत नाही. मतदान जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आहे आणि एकेक मत मोजूनमापून जमवावं लागतंय. चेलोला सांग, सान हुआनला यायचा पूर्ण प्रयत्न करीन.

तुझी
अंपारो


वस्तीवरून,
सान आन्तोनियोचा दिवस, जून

लाडक्या अंपारो,

तू धडधाकट असशील. आम्ही सगळे बरे आहोत, जवळजवळ.

पातेल्याची गोष्ट मी सगळ्या वस्तीला सांगितली. रमोनाला दोनदा सांगितली. ती म्हणाली, आता त्या पातेल्याला हात लावायचा तर परवानगी काढावी लागेल. मी ते राखेने घासून ठेवलंय. तुझे आजोबा चाळीस वर्षं या राज्यात राबले, त्यांचं टोपणनावसुद्धा कुठल्या सरकारी माणसाला माहीत नव्हतं. आणि माझं पातेलं बघ.

अंगरखा पोचला. चेलोने तो गालाला लावला. मी तो उघडून पुन्हा घडी घालते, पुन्हा उघडते.

एवारिस्तो जरा सुस्त आहे. घाबरू नकोस. टाळू बसली होती, म्हणून मी तोंडात अंगठा घालून ती आतून वर दाबली, पायांना धरून उलटं केलं, तळव्यांवर चापट्या मारल्या, जसं माझ्या आईने तुझ्या आईचं केलं होतं. मग दृष्ट काढली. अंडं अंगावरून फिरवून पेल्यात फोडलं तर पिवळ्या बलकावर डोळ्यासारखं उठलं होतं. मला ठाऊक आहे कुणाची ती, पण नाव लिहीत नाही, तुला लिहिलेलं मी रमोनालाही वाचून दाखवते.

ओठ तेवढे तुती खाल्ल्यासारखे दिसतात. नखंही. फर्मीन, बापच तो, त्याला शहरातल्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरने नळी लावली, बराच वेळ बोलला. फर्मीनने मान डोलावली. तो सगळ्यांनाच मान डोलावतो. परत आल्यावर चेलोने विचारलं, "काय म्हणाला?" तर म्हणे, "हृदयाचं काहीतरी असावं." चेलो म्हणाली, "असावं?" आणि हातातली थाळी खाली ठेवली ती जरा जोरातच ठेवली.

दूध पचत नसेल म्हणून मी आता दूध पातळ करते, जास्त बडीशेपेचा काढाच देते. पाणी तेच, आपलं चांगलं, आता तर मी ते पाव पातेलं उरेस्तोवर आटवते. प्यायला की झोपतो. फार झोपतो.

चेलो म्हणते, अंपारोला बोलावून घे. मी म्हटलं, मुळीच नाही. ऐक माझं. तू मतदान होईस्तोवर तिथून हलू नकोस. तिथे तू एकटी आहेस आपली. इथे एका पोरासाठी रमोना धरून आम्ही चौघं आहोत. मोजून बघ.

हसणं तेवढं कमी झालंय. टॉर्टिया थापून बघते मी, पीठ नसलं तरी नुसते हात थापते. कधी कधी डोळे उघडतो.

तुझी आजी
त्रान्सितो


राजधानी,
२१ जून १९७२

आजी, आजी,

झालं! आज दुपारी. दोन मतांनी.

दात काढून घेतलेत, हे खरं. आयोगाला कुणाला बोलावून जाब विचारता येणार नाही, खटला भरता येणार नाही. फक्त पाहायचं, ऐकायचं, सल्ला द्यायचा. एक खोली, एक संचालक, एक टंकलेखिका. टंकलेखिका मी! पगार राज्याचा. त्या पाय पसरणाऱ्या म्हाताऱ्याने विरोधात मत दिलं आणि मग येऊन माझ्याशी हस्तांदोलन केलं. हात गरम होता. मला वाटलं होतं गार असेल.

राज्यपालांची सही नेमकी सान हुआनच्याच सुमारास आहे, तेव्हा बाप्तिस्मा जुलैत ढकला, मी नक्की येते. चेलोला म्हण, रागावू नकोस. एवारिस्तो आता पालथा पडण्याच्या बेतात असेल.

टपालाची पेटी बंद व्हायच्या आत टाकते.

तुझी
अंपारो


वस्तीवरून,
२ जुलै

अंपारो,

तू धडधाकट अस.

एवारिस्तो वीस तारखेला देवदूत झाला. सकाळी. मी त्याला मांडीवर घेऊन दारात बसले होते, ऊन यावं म्हणून. अंग पाटीच्या रंगाचं झालं होतं. पाद्री यायला अजून चार दिवस होते, म्हणून मीच त्याच्या कपाळावर पाणी घातलं आणि नाव घेतलं. घरातलं सगळ्यात स्वच्छ पाणी घेतलं, पातेल्यातलं. गरम होतं थोडं. त्याने डोळे मिटले, उघडले नाहीत.

रडायचं नाही, तुला माहीत आहे. बाळ गेलं तर रडायचं नाही, पंख ओले होतात, मग त्याला वर उडता येत नाही. तुमच्या धाकट्या भावाच्या वेळी मी हेच तुमच्या आईला सांगितलं होतं. म्हणून आम्ही नीट केलं सगळं. टेबलावर पांढरी चादर, कागदाच्या फुलांचा मुकुट, रमोनाने पाव भाजला, तिच्या सुनेने, दिवस गेलेत तिला, दाट चॉकलेट केलं. फर्मीनचा चुलतभाऊ गिटार घेऊन आला. दोन नाचाची गाणीसुद्धा वाजवली. चेलो हसतमुखाने सगळ्यांना पेले देत होती. मग मागच्या खोलीत गेली. मी बघितलं, तोंडात टॉवेल कोंबून उभी होती. मी दार ओढून घेतलं.

कपडे धर्ममातेने घालायचे असतात. तू नव्हतीस, म्हणून मी माझ्या उजव्या हाताला म्हटलं, तू अंपारो हो. अंगरखा मोठा झाला. मागून टाचण्या लावल्या, पुढून कुणाला कळलं नाही. लेस फार सुंदर आहे पोरी.

तुला कळवलं नाही कारण मतदान होतं. फर्मीन तार करायला निघाला होता, मी त्याची वाट अडवली. चेलो अजून त्यावरून माझ्याशी धड बोलत नाही. बोलेल.

तुझं पत्र दफनाच्या दिवशी आलं. आम्ही कबरीवरून परत आलो तर दाराच्या फटीत. सगळे अंगणात उभे होते, तर मी ते मोठ्याने वाचलं. पालथं पडण्याची ओळ गाळली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. रमोना म्हणाली, "चला, सरकारात आपलं माणूस." मला इतकं बरं वाटलं, आणि त्याच वेळी तितकंच वाईट. दोन्ही एकदम होतं, मला माहीत नव्हतं.

मग चेलो पुढे आली. ती सगळ्यांपुढे कधी बोलत नाही. म्हणाली, "आता आयोग झालाय ना? मग त्यांना विचारा माझ्या पोराला काय झालं होतं. हृदय होतं की काय होतं. कुणीतरी मला माझ्या भाषेत सांगा."

मी तिला शब्द दिलाय. म्हटलं, अंपारो विचारेल. तेवढं कर.

आजी


राजधानी,
१८ सप्टेंबर १९७२

प्रिय आजी,

हे पत्र मी उन्हाळाभर लिहितेय आणि फाडतेय. तू बसून वाच. एकटी वाच.

आयोगाची पहिली बैठक ऑगस्टच्या सुरुवातीला झाली. खुर्च्या उसन्या आणल्या होत्या. नावं सुचवणं, ठराव, छायाचित्र, सगळं झाल्यावर संचालकांनी विचारलं, पहिलं काम काय घ्यायचं? मला बोलायचा अधिकार नव्हता. मी उठले आणि चेलोचा प्रश्न विचारला.

आरोग्य खात्याचे डॉक्टर पाहुणे म्हणून आले होते. त्यांनी वस्तीचं नाव विचारलं, मग लक्षणं विचारली. ओठांचा रंग सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढला.

शेतातलं खत जमिनीत मुरतं आणि विहिरीत उतरतं. मोठ्यांना त्याने काही होत नाही. तान्ह्या बाळाचं रक्त मात्र त्याने काळवंडतं, श्वास घेऊनही त्याचा जीव गुदमरतो. शहरातून आणलेलं पाणी दिलं असतं तर वाचला असता. आणि आजी, ते उकळून जात नाही. पाणी वाफ होऊन जातं, ते मात्र पातेल्यातच राहतं. जितकं आटवावं तितकं दाट होतं.

डॉक्टर म्हणाले, "आम्ही वसंतातच प्रत्येक मुकादमाला सांगितलं होतं. तान्ह्यांना हे पाणी नको, उकळून तर मुळीच नको." मी विचारलं, कुठल्या भाषेत? ते म्हणाले, "आपल्याच की, इंग्रजीत."

तुझा काही दोष नाही. हे मी शंभर वेळा लिहीन. त्या माणसाने बाळाकडे बोट दाखवलं होतं, हे तू मला मे महिन्यात लिहिलं होतंस. तुझ्या अक्षरात आहे. ते मी वाचलं, आणि आम्ही हसलो, आणि कॉर्विननी ते समितीत सांगितलं. त्या खोलीत इंग्रजी येणारी वीस माणसं होती. एकालाही विचारावंसं वाटलं नाही की तो नक्की काय म्हणाला होता.

आयोगाचं पहिलं काम म्हणून पत्रक काढलंय, आपल्या भाषेत. मीच लिहिलं, मीच टाइप केलं. गठ्ठा सोबत पाठवते. हा गठ्ठा तुला पाठवू नये असं मला रोज वाटलं. पण वस्तीत वाचता येणारी तू एकटीच आहेस, आणि रमोनाच्या सुनेला दिवस गेलेत असं तूच लिहिलं होतंस.

चेलोला काय सांगायचं ते तू ठरव. म्हणशील तर मी येऊन सांगते. म्हणशील तेव्हा.

तुझी
अंपारो


वस्तीवरून,
३ नोव्हेंबर

लाडक्या अंपारो,

तू धडधाकट असशील अशी आशा. लिहायला उशीर झाला. बीटची काढणी होती, शिवाय माझा हात चालत नव्हता, दुखत वगैरे काही नव्हता, नुसता चालत नव्हता.

पत्रक छान छापलंय. वर राज्याचा शिक्का आणि खाली आपली भाषा, असं मी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यावरून बोट फिरवलं तर शाई लागत नाही, चांगली आहे.

मी प्रत्येक दारात जाऊन वाचलं. रमोनाने नेहमीप्रमाणे मध्येच विचारलं, "पण दोन्या, तुमच्यासारखं नीट आटवलं तर?" मी म्हटलं, "तर मुळीच नाही." ती म्हणाली, "हे कशावरून?" मी म्हटलं, "इथे लिहिलंय, शेवटच्या ओळीत." ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिला कळलं. तिने मला खुर्ची दिली आणि सुनेला हाक मारून बादली ओतून टाकायला सांगितली.

घरी सगळ्यात शेवटी गेले. चेलो शेंगा सोलत होती. मी उभ्यानेच वाचायला लागले. ती ओळ मी गाळणार होते अंपारो. तिला वाचता येत नाही, कधी कळलं नसतं. बोट ओळीवर झाकूनसुद्धा ठेवलं होतं. तेवढ्यात बघते तर तिने शेंगांची परात बाजूला सरकवली आणि पोटावर हात ठेवला. अजून दिसत नाही, पण असा हात बायका उगाच ठेवत नाहीत. मी म्हटलं, "केव्हा?" म्हणाली, "एप्रिलमध्ये. पुढचं वाच."

मी वाचलं. उकळून तर मुळीच नाही, तेही वाचलं.

ती उठली. चुलीवरचं पातेलं उचललं, आत माझं पाणी होतं, सवयीने ठेवलेलं. ते अंगणात नेऊन ओतलं. परत आली, पातेलं पालथं घातलं. मला वाटलं आता काहीतरी बोलेल. बोल म्हणून मी थांबले होते. ती म्हणाली, "आजी, बस. कधीची उभी आहेस." आणि राहिलेल्या शेंगा माझ्यापुढे ठेवल्या. आम्ही दोघींनी त्या सोलल्या.

आता फर्मीन शहरातून कॅनने पाणी आणतो. हॅगन म्हणतो, ट्रकला पेट्रोल लागतं. फर्मीनने पहिल्यांदाच मान डोलावली नाही.

परवा देवदूतांचा दिवस झाला. सगळ्या गेलेल्या बाळांसाठी दारात फुलं, गोड पाव आणि पाण्याचा एक पेला ठेवायचा, लांबून येतात, तहान लागते. चेलोने कॅनचं बूच उघडलं आणि पहिला पेला त्याच्यासाठी भरला. गार होतं. मी सवयीने ते जरा कोमट करायला निघाले, तर म्हणाली, "नको आजी, असू दे, गारच असू दे."

तू ये नाताळला. रडायचं असेल तर इथे येऊन रड, आता त्याला उडायला बराच वेळ मिळालाय, पोचला असेल.

आणि एक काम आहे, आयोगाला सांग, दोन्या त्रान्सितोने सांगितलंय म्हणून सांग. पुन्हा छापाल तेव्हा ती ओळ तळाशी ठेवू नका. सगळ्यात वर, शिक्क्याच्या खाली, मोठ्या अक्षरांत: उकळलेलंसुद्धा नाही. माझ्यासारख्या म्हाताऱ्या पहिल्या ओळीलाच इतक्या खूष होतात की शेवटपर्यंत पोचत नाहीत.

तुझी आजी
त्रान्सितो